आधी अंग, मग अंगरखा

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या बाहुल्यांना आमच्याकडं 'चित्रं' म्हणतात. पुण्याच्या बाजारातही हाच शब्द. कागदावरचं ते चित्र आणि मातीचं तेही चित्र, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. साच्यातून निघतं तेव्हा ते नुसतं ढेकूळ असतं. त्याचं चित्र होतं ते रंगानं.

मावळा म्हणजे चार बोटं उंचीचा. त्याच्यावर रंगाच्या सात फेऱ्या. त्यातली कुठली आधी आणि कुठली मागनं, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीच्या बांधावरून झाली नाहीत. जमीनच नव्हती म्हणा. पण रंगाच्या क्रमावरून माणसं आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हती, हे आज सांगितलं तर हसतील. म्हणून हा क्रम कशानं ठरला, कुणी राखला आणि पुढं कुणी मोडला, ते एकदा लिहून ठेवते.

कृष्णाकाठी, कराडच्या खालच्या अंगाला आमचं गाव. कुंभारांची चार घरं, ती गावाच्या कडेला. आव्याचा धूर वस्तीत नको म्हणून. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ साली निघालं. त्यात गावाच्या बलुतेदारांचा जो पसारा सांगितलाय, त्यातलाच कुंभार म्हणजे आमचा आबा. गावाला मडकी, रांजण, संक्रांतीची सुगडं, नवरात्रातले घट, बेंदराचे बैल, पंचमीचा नाग हे सगळं बलुत्यात जायचं आणि सुगीला खळ्यावरून धान्य यायचं. या कामात रंगाचा प्रश्नच नव्हता. बैलाच्या पाठीवर खडूचा एक हात, शिंगांना गेरू, की झाला बैल. पाटलाच्या घरून कधी बैल परत आला नाही की याचं शिंग वाकडं रंगवलंय म्हणून. बलुत्याचं गिऱ्हाईक ठरलेलं. ते वस्तूकडं बघत नाही, माणसाकडं बघतं.

चित्रं मात्र बलुत्यात बसत नव्हती. ती रोख पैशाची. ती विकायची कराडच्या बाजारात, आणि पुढं एसटी झाल्यावर पुण्याला. १९४८ सालच्या जूनमध्ये पहिली एसटी पुणे-नगर रस्त्यावर धावली. आमच्या बाजूला ती आली तेव्हा आबानं पहिल्यांदा भाताच्या पेंढ्यात बांधलेल्या चित्रांच्या पाट्या टपावर चढवल्या. अनोळखी गिऱ्हाईक दुरून बघतं आणि दुरून दिसतो तो रंग. घरात रंगाच्या क्रमाला महत्त्व आलं ते तेव्हापासून. त्याआधी जो हाताशी असेल तो रंग पहिला.

साच्याची गोष्ट फार जुनी आहे. धाराशिवकडं तेर म्हणून गाव आहे. तिथं सातवाहनांच्या काळातल्या, पांढऱ्या मातीच्या बाहुल्या सापडल्या. त्या दोन भागांच्या साच्यातनं काढलेल्या, आतनं पोकळ. तिथल्या लामतुरे संग्रहालयात काही मांडून ठेवल्यात. मी त्या बघितल्या तेव्हा माझी नजर पहिली गेली कानामागच्या सांध्यावर. पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा जिथं चिकटवतात तिथं एक रेघ राहते, ती ओल्या बोटानं पुसावी लागते. आमच्या आबाचाही मावळा असाच दोन भागांचा, असाच पोकळ. केस कसे, दागिना कसा हे सगळं तिथं मातीतच कोरलंय. आमच्या साच्यात एवढी नक्षी नव्हती. आमचा मावळा मातीत अर्धाच व्हायचा. मिशी नाही, भुवई नाही, पागोट्याला पीळ नाही. उरलेला अर्धा रंगानं करायचा.

आता फेऱ्या. फेरी म्हणजे एका रंगाचा हात सगळ्या चित्रांवरून फिरवणं. एक मावळा पुरा करून दुसरा घ्यायचा असं कुंभार कधी करत नाही. दोनशे चित्रं ओळीनं मांडायची, एक रंग घेऊन पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जायचं. शेवटचा होतो तोवर पहिला वाळलेला असतो. पण प्रत्येक फेरीला प्रत्येक चित्र एकदा उचलावं लागतं, आणि उचललं की कुणाची तलवार जाते, कुणाचं नाक जातं. त्यामुळं एक फेरी वाढली की पाटीभर चित्रं कमी झाली, असा आबाचा हिशेब. मावळ्याचं पागोटं, पायातला जोडा आणि घोड्याचा लगाम हे तिन्ही लालच का, याला इतिहासात काही आधार नाही. लाल वाटी एकदाच भिजवायची आणि एकाच फेरीत तिन्ही उरकायचे, एवढंच.

पहिली फेरी खडूची. भाजलेली माती तहानलेली असते. तिच्यावर थेट पिवडी दिली तर ती रंग पिऊन टाकते आणि वर विटकरी अंगच दिसत राहतं. म्हणून खडू वस्त्रगाळ करायचा, सरसात कालवायचा आणि चित्राला खालच्या भोकातनं तुराटी घालून त्यात अख्खं बुडवायचं. हे काम आम्हा पोरींचं. तुराट्या मातीच्या गोळ्यात रोवून ठेवल्या की सोप्यात पांढऱ्या माणसांचं शेत उभं राहायचं.

दुसरी फेरी अंगाची. चेहरा, मान, हात, पोटऱ्या. सफेद्यात पिवडी आणि गेरूची चिमूट. अंग आधी का, तर ते सगळ्यात खोल. चेहऱ्यावर पागोटं येतं, मनगटावर बाही येते, पोटरीवर सुरवार येते. माणूस जसा आधी जन्मतो आणि मग कपडे घालतो, तसंच. अंगाचा रंग थोडा बाहेर सांडला तरी वरच्या कपड्यानं तो झाकला जातो. उलटं केलं, तर बाहीच्या आत जाऊन मनगट रंगवताना बाही हमखास बिघडते. आबाचं एक वाक्य होतं, ते घरातल्या सगळ्या पोरांना पाठ:

"खोल ते आधी, उंच ते मागनं."

अंगरख्याला वेगळा रंग नव्हताच. पहिल्या फेरीचा खडू तोच अंगरखा. अंगाचा डाग त्याच्यावर गेला तर परत खडूचं बोट फिरवायचं. मावळे पांढऱ्या अंगरख्यात लढले असं मला लहानपणी पक्कं वाटायचं, ते या खडूमुळं. तिसरी फेरी पिवडीची, शेल्याला. चौथी लाल. हिंगूळ परवडत नव्हता, पुडीतला लाल आणायचा आणि तोही जपून. पाचवी हिरवी, पायाखालच्या जमिनीला. पिवडीत कपड्याची नीळ घातली की हिरवा होतो. सहावी काळी, काजळीची. ढाल, मिशी, कल्ले, दाढी. सातवी डोळ्याची.

यात फिकट आधी आणि गडद मागून, हा दुसरा नियम आपोआपच पाळला जातो. तो आज्जीचा. पांढऱ्यावर काळा बसतो, काळ्यावर पांढरा बसत नाही. बसला तरी राखाडी दिसतो. छापखान्यातही हेच. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढं तो मळवलीला गेला. तिथनं देवादिकांची जी चित्रं घरोघर गेली ती दगडावरनं छापलेली, एकेका रंगाला एकेक दगड. त्या छपाईत साधारणपणे फिकट रंग आधी उतरवतात आणि गडद शेवटाकडं. आज्जीनं छापखाना कधी बघितला नव्हता. तिला ते काजळीनं शिकवलं. काळा आधी दिला आणि पुढच्या फेरीला ओल्या हातानं चित्र धरलं, की काजळी सगळ्या अंगभर फिरते.

याला अपवाद एकच, महाराजांच्या गळ्यातली मोत्यांची माळ. ती सगळं झाल्यावर, घट्ट खडूचे ठिपके देऊन. म्हणजे पांढरा पहिलाही आणि शेवटचाही.

क्रम बदलता येत नव्हता, याचं आणखी एक कारण सरसात होतं. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा चिक. तो ऊन करून वापरायचा. त्याचा एक गुण असा की खालचा थर सरसानं जास्त घट्ट असला पाहिजे आणि वरचा त्याहून सैल. वरचा जास्त घट्ट झाला तर तो वाळताना आखडतो आणि खालच्याला घेऊन पापुद्र्यासारखा सुटतो. आमच्याकडं सरसाचं भांडं एकच. पहिल्या दिवशी तो दाट, मग रोज सकाळी पाणी घालून तोच चुलीवर ठेवायचा. त्यामुळं फेरीगणिक तो आपोआप पातळ होत जायचा. चौथी फेरी उचलून पहिल्या दिवशी दिली असती तर सरसाचंच गणित बिघडलं असतं. हे कुणी कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. भांडं एक होतं, म्हणून क्रम एक होता.

या सरसाला वास येतो, आणि आबा माळकरी. तो सरसाला हात लावायचा, पण आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. गणपतीला आणि गौरीच्या मुखवट्याला घरात सरस चालत नव्हता. तिथं बाभळीचा डिंक नाहीतर चिंचोक्याची खळ. मग प्रश्न आला महाराजांचा. महाराज देव का माणूस? आबा म्हणाला, माणूस, पण सरसातला न्हाय. तेव्हापासून सिंहासनावरचे महाराज डिंकातल्या रंगानं रंगवले जायचे आणि मावळे सरसानं. पाटीत शेजारी शेजारी ठेवले की महाराजांना जरा जास्त चकाकी दिसायची. गिऱ्हाईक म्हणायचं, महाराजांच्या तोंडावर काय तेज आहे!

इथपर्यंत भांडण नव्हतं. मिशी उंच आणि गडद, म्हणजे दोन्ही नियमांनी ती मागून. अंग खोल आणि फिकट, म्हणून ते आधी. दोन्ही नियम जिथं एकमेकांच्या आडवे येतात अशी जागा चित्राच्या अंगावर एकच. डोळा. तो खोबणीत असतो म्हणून खोल, म्हणजे आधी पाहिजे. आणि काळा असतो म्हणून मागून पाहिजे. त्यात माझ्या चुलतीचा, नानीचा तिसराच नियम होता:

"अवघड ते आधी."

तिचं म्हणणं व्यवहाराचं. डोळा हा सगळ्यात अवघड. हात हलला तर मावळा तिरळा. सहा फेऱ्या करून, लाल खर्च करून, मग डोळ्याला बिघडायचं कशाला? अंग दिल्याबरोबर डोळा करावा. बिघडला तर त्याच्यावर परत अंगाचा रंग द्यावा आणि दुसऱ्यांदा करावा. चूक झालीच तर ती स्वस्तात व्हावी. मला आजही हे म्हणणं खोडता येत नाही.

आज्जीचं उत्तर: "डोळं आल्याबिगर त्यो मावळा न्हाय, माती हाय. मातीला फुटायचं भ्या वाटत न्हाय. डोळं दिलं आन् मग तू त्येला उलटा धरून जोडं रंगवनार व्हय?"

यात श्रद्धा होतीच. मूर्तीचे डोळे शेवटी उघडायचे ही आपल्याकडची जुनी रीत; तिला नेत्रोन्मीलन म्हणतात, आणि प्राणप्रतिष्ठेच्या अंगानंच ते येतं. बंगालात कुमारटुलीचे मूर्तिकार दुर्गेचे डोळे महालयेच्या दिवशी काढतात, ती हीच रीत. पण आज्जीच्या बोलण्यात नुसती श्रद्धा नव्हती, कसबही होतं. सरसाचा रंग वाळल्यावरसुद्धा पाण्यानं सुटतो. अंगाच्या रंगावर काळा डोळा बिघडला आणि त्यावर परत ओला रंग फिरवला, तर काळा त्यात मिसळून डोळ्याखाली काळं वर्तुळ उमटतं. म्हणजे नानीची दुरुस्ती सरसाच्या रंगात नीट होतच नव्हती. तिथं चूक पुसता येत नाही. जिथं पुसता येत नाही तिथं अवघड काम शेवटी, सगळ्यात स्थिर हातानं, एकदाच.

तो हात आज्जीचा. खारीच्या केसांचा कुंचला तिनं कधी वापरला नाही. शिंदीची बारीक काडी टोकाला ठेचून तंतू काढायची, त्यातले चार ठेवून बाकीचे खुडायची. काजळी सरसात नाही, डिंकात. पातळ झालेल्या सरसातली काजळी बोटानं पुसली जाते, डिंकातली धरून राहते आणि वाळल्यावर चमकते. मावळ्याच्या डोळ्याला ओलावा यायचा तो त्या डिंकाचा. चार बोटांच्या चित्राला बुबुळ वेगळं काढत नाहीत. वरच्या पापणीची एक रेघ, तिच्या मध्यावरून खाली लोंबणारा एक ठिपका. ठिपका पापणीला चिकटलेला पाहिजे. सुटा राहिला तर मावळा घाबरलेला दिसतो. दोन्ही डोळ्यांत आधी तिच्या उजव्या हाताच्या बाजूचा, कारण तो काढताना मनगट अवघडतं. दुसरा त्याच्या जोडीला सोपा जातो. म्हणजे बघा, नानीचा 'अवघड ते आधी' हा नियम आज्जीही पाळत होती. पण डोळ्याच्या आत.

या डोळ्यांचे तिला पैसे होते. आबा बाजारातनं आला की शेकड्यामागं काही नाणी वेगळी काढून तिच्या हातावर ठेवायचा. घरातल्या बाकी कुठल्याही कामाला, मळायला, भाजायला, रंगाला, बाईमाणसाच्या हातावर असं काही पडत नव्हतं. शेवटची फेरी तिची होती, आणि ती शेवटची होती म्हणून तिच्यापुढं सगळ्यांना थांबावं लागायचं. आज्जीला बरं नसलं की दोनशे आंधळे मावळे सोप्यात उभे. क्रमावरचं भांडण का पेटायचं ते यात आहे.

पुढं मी शिकले, तेव्हा वाचनात आलं की अकबराच्या चित्रशाळेतही कामाची अशीच वाटणी होती. एका पानावर दोघं-तिघं. पानाच्या समासात नोंद असायची, 'तरह' म्हणजे आखणी अमक्याची, 'अमल' म्हणजे रंगकाम तमक्याचं, आणि काही पानांवर 'चेहरानामी', चेहरा काढणारा, तिसराच. चेहऱ्याला वेगळा माणूस आणि त्याचं वेगळं नाव. आज्जीचं नाव कुठं लिहिलं गेलं नाही, पण काम तेच. विष्णुधर्मोत्तरातल्या चित्रसूत्रात म्हटलंय की आचार्य रेषेला वाखाणतात, बायकांना दागिने आवडतात आणि इतर लोक भरपूर रंगावर खूश असतात. लिहिणाऱ्यानं आमचा सोपा बघितला असता तर रेषेच्या ओळीत एका बाईला बसवलं असतं.

क्रमाला पहिला धक्का बसला तो शेवटाला नव्हे, सुरुवातीला. आमच्या मावळ्याचं अंग गव्हाळ होतं, गेरू जरा जास्त पडला तर सावळं. रानात राबणारा माणूस असतो तसं. पुण्यातल्या एका व्यापाऱ्यानं एका वर्षी दोन पाट्या परत धाडल्या. काळे मावळे खपत नाहीत, गोरे पाठवा, असा निरोप. कॅलेंडरावरचे महाराज गुलाबी-गोरे, तेव्हा मावळेही तसेच पाहिजेत. १९५२ सालचा भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' कराडला लागला होता, चंद्रकांत मांडरे महाराज झालेले. पण तो पडला काळा-पांढरा. त्यावरनं लोकांनी मिशी घेतली, जिरेटोप घेतला, पण रंग घेतला तो कॅलेंडरावरनं. आज्जी वैतागली. "आपल्या रानात आसा गुलाबी मानूस कुनी बघितलाय का?" आबा काही बोलला नाही. दुसऱ्या वर्षी अंगाच्या वाटीत गेरू गेला आणि गुलाबी पुडी आली. पहिली रंगाची फेरी बाजारानं घेतली. शेवटची अजून आज्जीकडं होती.

मधल्या काळात मागणी वाढत होती. १९५७ च्या ३० नोव्हेंबरला प्रतापगडावरच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण नेहरूंच्या हस्ते झालं. त्या आधीपासून पुण्यात करमरकरांचा घोड्यावरचा शिवाजी होताच, १९२८ पासूनचा. हे विनायक करमरकर अलिबागेजवळच्या सासवण्याचे. त्यांच्या घरात गणपती करायची आवड होती, हे कळल्यावर आबाला भारी बरं वाटलं होतं. घोडेस्वाराला जास्त पैसे मिळू लागले. घोड्याला मात्र फेऱ्या जास्त लागतात. स्वाराचा पाय घोड्याच्या पोटावर येतो, म्हणून घोडा आधी. घोडा वाळल्याशिवाय स्वाराला हात लावता येत नाही. म्हणजे एक चित्र, पण क्रम दोनदा चालायचा.

ऑईल पेंट आला आणि हे सगळं उलटं झालं. आण्णा, माझा थोरला चुलता, साखर कारखान्यावर रंगाऱ्याच्या हाताखाली काम करून आला होता. त्यानं डबे आणले. या रंगाला खडूची फेरी लागत नाही, तो मातीवर थेट बसतो. सरस नको, वास नको, पावसाच्या ओलीनं बुरशी नको. वर चकाकी. एक फेरी वाचली म्हणून आबाही खूश. तोटा एकच, वाळायला रात्र जाते. सरसाच्या रंगात दिवसात दोन फेऱ्या व्हायच्या, इथं दिवसाला एकच. त्यामुळं आण्णाला प्रत्येक फेरीचा हिशेब घालावा लागला, आणि त्यात त्यानं डोळा उचलून अंगाच्या पाठोपाठ ठेवला. कारण या रंगात चूक पुसता येते. घासलेटाचा बोळा फिरवला की काळा निघून जातो आणि खाली वाळलेलं अंग तसंच राहतं. नानीचा नियम आता खरा झाला होता. आणि एकदा पुसता येतंय म्हटल्यावर स्थिर हाताची गरज उरली नाही; आण्णाची दोन्ही पोरं डोळे काढायला बसली.

आज्जीनं वाद घातला नाही. दिवाळी आठ-दहा दिवसांवर असताना ती भावाकडं माहेरी निघून गेली. हे तिनं कधीच केलं नव्हतं.

चित्रं झाली. पोरांनी काढलेले डोळे बरे होते, पण नंतर पागोट्याचा लाल भरताना काही भुवयांवर चढला. काही मावळे झोपाळू, काही दचकलेले. पाट्या पुण्याला गेल्या. घरात सगळे निरोपाची वाट बघत होते. आबा बोलून दाखवत नव्हता, पण त्याला वाटत होतं की पाट्या परत येतील. आल्या नाहीत. सगळी खपली, भावही तोच मिळाला. आज्जीच्या डोळ्यांत आणि पोरांच्या डोळ्यांत बाजाराला फरक दिसला नाही. गोऱ्या अंगासाठी पाट्या परत धाडणाऱ्या त्याच व्यापाऱ्यानं डोळ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पाडव्याला आबा स्वतः बैलगाडी जुंपून तिला आणायला गेला. काय बोलणं झालं ठाऊक नाही. पण पुढच्या वर्षापासून ठरलं ते असं: मावळे, भालदार, गवळणी, वाघ यांचे डोळे आण्णाच्या क्रमानं, पोरांच्या हातानं. महाराज आणि घोडा यांचे आज्जीच्या हातानं, सगळ्यात शेवटी, डिंकातल्या काजळीनं. चकचकीत ऑईल पेंटावर डिंक धरत नाही. तेवढ्या जागेला ती आधी राखेचं बोट घासून चकाकी मारायची. शेकड्याचे पैसे होते तेच राहिले; मावळ्यांचे डोळे तिनं काढले नाहीत तरी आबानं ते धरले. आण्णानं कुरकुर केली, पण आबापुढं त्याचं चाललं नाही.

१९७२ च्या दुष्काळात पाटी भरलीच नाही. सगळे खडी फोडायला होते. १९७४ ला राज्याभिषेकाची ३०० वर्षं झाली, तेव्हा सिंहासनावरचे महाराज एवढे गेले की साचा झिजून नाक बोथट झालं. त्या वर्षी आज्जीला दिवस पुरला नाही. कंदील घेऊन बसायची. मी तिच्या शेजारी बसून तुराट्या फिरवून द्यायची. एकदा मला म्हणाली, "तू काढतीस का येक?" मी काढला. तिनं तो घोडा उचलून उजेडात धरला, बघितला आणि गपचूप झालेल्यांच्या ओळीत ठेवून दिला. एवढंच.

आता चुलतभावाचा कारखाना गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये आहे. रबराचे साचे, प्लास्टरचं चित्र. गणपतीचं प्लास्टर वादात आलं ते विसर्जनामुळं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये आली, २०२० मध्ये सुधारून आली. किल्ल्यावरचं चित्र कुणी पाण्यात सोडत नाही, म्हणून ते प्लास्टरचंच राहिलं. कॉम्प्रेसर लावून पहिल्यांदा सगळ्या मावळ्यावर अंगाचा रंग उडवतात, पागोट्यावर, अंगरख्यावर, ढालीवरसुद्धा. शंभर उघडे मावळे पाच मिनिटांत. मग त्यांच्यावर ब्रशनं कपडे चढवतात. आबाचं 'खोल ते आधी' अजून चालू आहे.

डोळे भावाची सून काढते. अंग उडवलं की लगेच, पागोट्याच्या आधी. मी विचारलं, आधी का गं? ती म्हणाली, "बिघडला तर परत बॉडी कलर मारता येतो की, आत्या." तिला नानीचं नाव ठाऊक आहे, भांडण ठाऊक नाही. तिचा हात चांगला आहे. ठिपका पापणीला चिकटलेला असतो.

आज्जीच्या हातचा एक घोडा माझ्याकडं आहे, ऑईल पेंटाच्या आधीचा. मानेपाशी टवका उडालाय. तिथं आतली भाजलेली माती दिसते, तिच्यावर खडूचा पांढरा पापुद्रा, त्याच्यावर तांबूस अंग. लगामाची लाल रेघ गालावरून वर जाते आणि डोळ्यापाशी थोडी फाकते. डोळ्याची काळी रेघ तिच्या वरून गेलीय.